आपत्काळांतील सेवा आणि सामाईक वही

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या स्वयंसेवकांच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं मागील वर्षांचें स्मरण करावें, ज्यांनीं हें मंदिर उभारिलें त्यांचे उपकार आठवावे, अशी रीत आहे. आणि तें कार्य माझ्याहून जाणत्या वडीलधाऱ्यांनीं या स्मरणिकेंत केलेंच आहे. मजकडे आपल्या तरुण मंडळींनीं निराळाच विषय सोंपविला. पूर, आग, रोगाची सांथ अशा आपत्तींत धांवून जाणाऱ्या स्वयंसेवकांनीं संगणकावरील व मोबाइलवरील तक्ते, सामाईक कागद आणि संदेश यांचा उपयोग कसा करावा, याविषयीं मीं चार शब्द बोलावे असा त्यांचा आग्रह पडला. विषय ऐकून कित्येकांना हंसूं येईल. सेमिनरींत असतां टंकलेखन-यंत्रावर हात बसविणारा मी, या नव्या साधनांत तज्ज्ञ नाहीं. परंतु याच बाबतींत माझ्या हातून एक चूक घडली आहे, आणि ज्याच्या हातून चूक घडली त्यालाही सांगण्यासारखें कांहीं असतें, म्हणून उभा राहिलों.

इ. स. २०२० च्या ऑगस्टअखेरचा पूर आपणांपैकीं कोण विसरला असेल? कोरोनाच्या सांथीनें माणसें आधींच घरांत कोंडलीं होतीं. अशांत मध्यप्रदेशांत अतिवृष्टि झाली, शिवनी जिल्ह्यांतील संजय सरोवराचें पाणी सोडावें लागलें, आणि वैनगंगा पात्र सोडून शेतांत व गांवांत शिरली. खालच्या अंगास गोसीखुर्द धरणाचीं सर्व ३३ दारें उघडण्यांत आलीं. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील नदीकांठच्या लोकांचे फार हाल झाले. आपल्या नद्यांची गोष्टच अशी कीं, पाऊस एका प्रांतांत पडतो आणि पूर दुसऱ्या प्रांतांत येतो. आपल्या अंगणांत ऊन पडलेलें असतांही पाणी दारांत येऊन उभें राहतें.

त्या वेळीं आम्ही दहा-बारा जण शिधा व औषधें पोंचविण्यास निघालों. उत्साहाला तोटा नव्हता. तोटा होता तो एका यादीचा. एका मुलाची यादी त्याच्या मोबाइलमध्यें, दुसऱ्याची व्हॉट्सॲपच्या गटांत, एका भगिनीची शाळेच्या वहीच्या मागल्या पानावर, आणि माझी माझ्या खिशांतल्या रोजनिशींत. नदीकांठच्या एका टोल्यावर एक वृद्ध विधवा राहत असे. तिला दररोज इन्सुलिनची सुई लागे. तिच्या पुतण्यानें मला फोनवरून तें कळविलें. मीं नांव लिहून घेतलें, आणि लिहून घेतलें म्हणजे काम झालें अशा समजुतीनें रोजनिशी खिशांत ठेविली. मुलांना वाटलें, फादर पाहतील. मला वाटलें, मुलें जातील. त्याच दोन दिवसांत दुसऱ्या एका घरीं शिध्याच्या पिशव्या तीन वेळां गेल्या, कारण तें घर तीन याद्यांत होतें. त्या बाईचें घर एकाच यादींत होतें, आणि ती यादी माझ्यावांचून कोणाला दिसत नव्हती. तिसऱ्या दिवशीं सकाळीं शेजारच्या एका ढीवर बांधवानें तिला आपल्या डोंग्यांत बसवून बाहेर काढिलें. ती वांचली, ही देवाची कृपा. पुढें मी भेटीस गेलों तेव्हां तिनें मला चहा दिला आणि एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. तो चहा मला अजून आठवतो.

यांत लाज वाटावी अशी गोष्ट ही कीं, नोंद कशी ठेवावी हें धर्मगुरूला तरी कोणीं शिकवावयास नको होतें. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५६३ सालीं प्रत्येक धर्मगुरूस विवाहाची वही ठेवण्याची आज्ञा केली: वधूवरांचीं नांवें, साक्षीदार, दिवस आणि स्थळ. पुढें १९०८ पासून असा नियम लागू झाला कीं, नागपुरास बाप्तिस्मा झालेल्या मुलीचें लग्न गोंदियास लागलें, तर येथील धर्मगुरूनें तिकडे कळवावें, आणि तिकडच्या वहींत तिच्या नांवासमोर समासांत तशी नोंद व्हावी. लिहिणारे दोन गांवचे, परंतु माणसाची मूळ नोंद एकच. आज ज्याला सामाईक तक्ता म्हणतात त्याचें मर्म याहून निराळें नाहीं. जेथें पूर्वीं टपालाची वाट पाहावी लागे, तेथें आतां क्षण पुरतो, एवढाच फरक.

गूगल शीट्ससारखा तक्ता दहा जणांच्या मोबाइलवर एकाच वेळीं उघडतो. तिरोड्याच्या मुलानें एका रकान्यांत शब्द लिहिला कीं गोंदियास बसलेल्या मुलीला तो तत्काळ दिसतो. कोणीं कोणती ओळ केव्हां बदलली याचा इतिहास तक्ता स्वतः राखतो. म्हणून चुकून पुसलेलें परत आणतां येतें. कोणास केवळ वाचूं द्यावें आणि कोणास लिहूं द्यावें, हेंही ठरवितां येतें. ज्यांना संगणकावर घरच्या घरीं काम करावयाचें आहे त्यांच्यासाठीं लिब्रेऑफिस हा विनामूल्य संच आहे, आणि तो मराठींतही चालतो. व्हॉट्सॲपची गोष्ट वेगळी. तो चांगला निरोप्या आहे. परंतु निरोप्याला वही समजूं नये. तेथें सकाळचा निरोप दुपारच्या शंभर निरोपांखालीं गाडला जातो, आणि गेल्या वर्षींच्या पुराचें चित्र आजचें म्हणून फिरत राहतें.

या साधनांचा उपयोग इतरांनीं कसा केला तें पाहण्याजोगें आहे. २६ डिसेंबर २००४ रोजीं सुनामीच्या लाटांनीं श्रीलंकेचा किनारा उद्ध्वस्त केला, तेव्हां तेथील संगणक जाणणाऱ्या स्वयंसेवकांनीं ‘सहाना’ नांवाची व्यवस्था रचिली. हरवलेलीं माणसें कोण, छावण्या कोठें, आणि कोणती संस्था कोठें काय करीत आहे, हें एका ठिकाणीं समजावें हा तिचा हेतु. ऑगस्ट २०१८ मध्यें केरळांत महापूर आला. तेथेंही तरुण अभियंत्यांनीं सरकारच्या साहाय्यानें एक संकेतस्थळ उभें केलें; अडकलेल्या माणसांनीं वा त्यांच्या परदेशस्थ नातलगांनीं त्यावर आपलें ठिकाण कळवावें, आणि सुटका करणाऱ्यांनीं तें पाहून निघावें. समुद्रावरचे कोळी बांधव आपल्या होड्या मालमोटारींवर चढवून आले. त्यांच्या ६६९ होड्या कामीं लागल्या आणि हजारों जीव वांचले. परंतु एक गोष्ट तेव्हां सर्वांच्या प्रत्ययास आली. ज्या कुटुंबाची सुटका झाली त्याची हाक पुढेंही फिरतच राही, आणि होडी रिकाम्या घराकडे वळे. सुटका झाली हें कळविण्याचें कोणास सुचत नसे.

एप्रिल-मे २०२१ मध्यें, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेंत, प्राणवायूच्या नळकांड्या आणि इस्पितळांतील खाटा यांच्या याद्या देशभर फिरल्या. सकाळीं खरी असलेली ओळ दुपारीं खोटी ठरे, आणि रुग्णाचा मुलगा एकामागून एक बंद फोन लावीत बसे. तेव्हां शहाण्या स्वयंसेवकांनीं प्रत्येक ओळीपुढें ‘अमुक वाजतां खात्री केली’ असें लिहिण्यास आरंभ केला. त्या चार शब्दांनीं कित्येकांचा वेळ वांचला, आणि प्राणवायूच्या प्रसंगीं वेळ म्हणजेच जीव.

आतां आपण काय करावें? मीं तरुणांशीं बसून जें ठरविलें तें सांगतों. यादी एकच असावी. जो कोणी निरोप ऐकेल, मग तो धर्मगुरू असो, वृद्ध आजी असो कीं शाळकरी मुलगा, त्यानें तो नोंद करणाऱ्यास कळवावा. खिशांत ठेवूं नये. लिहिणारे एका वेळीं दोघेच असावे आणि त्यांनीं पाळीपाळीनें बसावें. दर कुटुंबास एक ओळ व एक क्रमांक द्यावा. तींत कुटुंबप्रमुखाचें नांव, टोला, गांव, तालुका, मोबाइल, माणसें किती, गरज काय, कोणीं केव्हां कळविलें, कोण जाणार, आणि काम केव्हां झालें, एवढे रकाने पुरेत. तालुका न लिहिल्यास काय होतें तें आपल्या जिल्ह्यांत निराळें सांगावयास नको. ‘अर्जुनीला औषध पाठवा’ असा निरोप आला तर जावें कोठें? अर्जुनी मोरगांवास कीं सडक अर्जुनीस? शिवाय आपल्याकडे कोणी मराठी बोलतो, कोणी हिंदी, कोणी पोवारी, कोणी गोंडी. एकच नांव तीन जण तीन तऱ्हांनीं लिहितात आणि तक्त्यास तीं तीन माणसें वाटतात. म्हणून नांव देवनागरींतच लिहावें, आणि मोबाइलच्या क्रमांकावरून ओळख पटवावी.

कामाच्या स्थितीसाठीं तीनच शब्द ठरविले आहेत: ‘कळलें’, ‘निघाले’, ‘पोंचलें’. तक्त्यांत या तीन शब्दांवांचून दुसरें लिहितांच येऊं नये अशी सोय करतां येते, ती केली आहे. यांपैकीं पहिला शब्द सर्वजण उत्साहानें लिहितात. तिसरा लिहिण्याचा कंटाळा येतो, कारण तोंवर आपण भिजलेलों असतों, भुकेले असतों आणि घराची ओढ लागलेली असते. बंधूंनो, तो तिसरा शब्द हाही सेवेचाच भाग समजा. तो न लिहिल्यास तुमचाच दुसरा भाऊ रात्रीं पुराच्या पाण्यांतून त्याच दारीं पुन्हां जाईल, आणि ज्याच्या दारीं कोणीच गेलें नाहीं तो वाट पाहत राहील.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. या यादींत कोणाचा आजार, कोणाचें गरोदरपण, कोणाचें एकटें राहणें लिहिलें जाईल. माझ्या कानीं पडलेलें मी कोठें बोलणार नाहीं असा विश्वास आपण मजवर ठेवितां; तसाच विश्वास संकटांतला माणूस तुमच्यावर ठेवितो. म्हणून यादीचा दुवा मोठ्या गटांत टाकूं नये. ज्यास काम दिलें त्यासच ती दाखवावी. आणि संकट टळल्यावर आजाराचे तपशील पुसून टाकावे. लोकांच्या वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठीं २०२३ सालीं देशांत कायदाही झाला आहे. परंतु कायदा नसता तरी सभ्य माणसानें हेंच केलें असतें. शिधा घेणाऱ्या आईचें छायाचित्र काढून गटांत धाडणें मला मुळींच पसंत नाहीं.

तिसरी गोष्ट कागदाची. पुरांत वीज जाते. सालेकसा व देवरीकडील जंगलांत तर एरवींही मोबाइलला संकेत मिळेलच असें नाहीं. तक्ता जोडणीवांचूनही मोबाइलमध्यें उघडेल अशी सोय आधींच करून ठेवावी लागते. ऐन वेळीं ती होत नाहीं. आणि तरीही रोज सायंकाळीं यादीची एक छापील प्रत काढून तिजवर वेळ लिहावी. जो दूरच्या टोल्यावर जाईल त्यानें ती प्रत न्यावी, पेन्सिलीनें खुणा कराव्या, आणि परत येतांच त्या तक्त्यांत उतरवाव्या.

चौथी गोष्ट मर्यादेची. २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्यान्वयें जिल्ह्यांतील या कामाचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. तालुक्यास तहसीलदारांची कचेरी आहे, जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष १०७७ या क्रमांकावर आहे, पोलिसांसाठीं ११२ आणि रुग्णवाहिकेसाठीं १०८ हे क्रमांक आहेत. २०१६ मध्यें राष्ट्रीय आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणानें ‘आपदा मित्र’ योजना सुरू केली ती पूरप्रवण अशा ३० जिल्ह्यांत, दर जिल्ह्यास २०० प्रमाणें ६,००० स्वयंसेवकांना शिकवून. पुढें ती ३५० जिल्ह्यांपर्यंत वाढविण्यांत आली. अशा शिकलेल्या माणसांचें काम आपण उत्साहाच्या भरांत हातीं घेऊं नये. ज्यास पोहतां येत नाहीं त्यानें डोंग्यांत चढूं नये. त्यानें यादी सांभाळावी. आपली यादी नीट असेल तर ती कचेरीच्या उपयोगी पडते. आणि कचेरीनें ज्या घरीं मदत धाडली तें घर आपल्या यादींत ‘पोंचलें’ असें लागलीच दाखवितां येतें. मदत कोणाच्या नांवानें गेली याचा हिशेब आपणांस ठेवावयाचा नाहीं. मदत कोणाची, कोणत्या धर्माची, हा रकाना आमच्या तक्त्यांत मुळींच नाहीं.

शेवटीं एक विनंती. मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं एका रविवारीं मिस्सेनंतर दोन घटका सर्वांनीं थांबावें. मोबाइल हातीं घेऊन लटक्या पुराचा सराव करूं. पन्नास घरांचीं खोटीं नांवें घेऊं; कोणी निरोप देईल, कोणी लिहील, कोणी निघेल, कोणी पोंचल्याची खूण करील. पहिल्या वेळीं घोटाळा होईल. तो या अंगणांत झालेला बरा, नदीच्या कांठीं नको.

मुलांनीं तक्ता मांडला त्या दिवशीं मीं माझी ती जुनी रोजनिशी त्यांच्या स्वाधीन केली. तींत अजून कांहीं एकट्या राहणाऱ्या वृद्धांचीं व आजाऱ्यांचीं नांवें होतीं, जीं मजवांचून कोणासही ठाऊक नव्हतीं. मुलांनीं त्या प्रत्येकाच्या घरीं जाऊन, विचारून, मग तीं उतरवून घेतलीं. पहिल्या ओळींत त्या नदीकांठच्या टोल्यावरील बाई आहेत. आतां मी आजारी पडलों, माझी बदली झाली, किंवा माझा फोन बंद असला, तरी पाणी चढूं लागतांच त्यांच्या दारीं कोणीतरी जाईल.

या महोत्सवाच्या वर्षीं परमेश्वर आपणां सर्वांना सेवेची बुद्धि देवो, आणि हातीं घेतलेलें काम शेवटच्या खुणेपर्यंत नेण्याचें बळ देवो.