ग्रबावित्सा : एका दाखल्याची गोष्ट

ग्रबावित्सा हा बोस्नियाच्या राजधानीतला, सारायेवोतला एक भाग. 1992 ते 1996 या सारायेवोच्या वेढ्याच्या काळात तो सर्ब फौजांच्या ताब्यात होता. यास्मिला झ्बानिच यांच्या 2006च्या पहिल्या कथापटाचं नावही तेच.

चित्रपटात बोस्नियाचं युद्ध संपून दशक लोटलंय. एस्मा मुलीला एकटीनं वाढवते, रात्री नाइटक्लबमध्ये काम करते. मुलीची, साराची, सहल ठरते. वडील हुतात्मा असल्याचा दाखला आणला, तर पैसे माफ! पण आई दाखला आणत नाही. उधार-उसनवारीनं पैसे जमवत राहते. का? बंदिछावणीत झालेल्या बलात्कारातून साराचा जन्म झालाय. दिग्दर्शिका तो अत्याचार पडद्यावर दाखवतच नाही. आईच्या दचकण्यातून, गर्दीच्या बसमधून घाईनं उतरण्यातून तो कळत जातो. मला हा संयम फार मोलाचा वाटतो. मिर्याना कारानोविच या सर्बियन अभिनेत्रीनं ही बोस्नियाक, म्हणजे बोस्नियन मुस्लिम, आई साकारली, हेही धाडसच.

बर्लिन महोत्सवात चित्रपटाला ‘सुवर्ण अस्वल’ मिळालं. त्याच्या जोरावर सह्यांची मोहीम उभी राहिली, आणि 2006मध्येच बोस्नियाच्या फेडरेशन भागातल्या कायद्यानं युद्धात बलात्कार सोसलेल्या स्त्रियांना नागरी युद्धपीडित म्हणून मान्यता दिली. मासिक भत्त्याचा हक्कही मिळाला.