डब्यावरचं नाव आणि कानातलं रबर



"हेडफोन कुठल्या कंपनीचा घेऊ?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. म्हणून आधी कंपन्यांच्या वंशावळी थोडक्यात सांगतो. जेम्स लान्सिंग यांनी १९४६ साली अमेरिकेत जेबीएल काढली. १९६९मध्ये ती हार्मन कंपनीकडे गेली आणि २०१७मध्ये हार्मनसकट सॅमसंगच्या पदरात पडली. जर्मनीच्या सेनहायझरचा घरगुती हेडफोनचा धंदा २०२२पासून सोनोवा या स्विस कंपनीकडे आहे, आणि सोनोवाचा मूळ व्यवसाय श्रवणयंत्रांचा. (म्हणजे गिऱ्हाईक तरुणपणीही त्यांचं, म्हातारपणीही त्यांचंच!) आपल्याकडच्या 'बोट'ची सुरुवात चार्जिंगच्या केबलींपासून. तेव्हा नुसत्या नावावरून आवाज ओळखायला जाऊ नका.

मग कशावरून? स्वस्तातला इअरफोन तरतो किंवा बुडतो तो टोकाच्या सिलिकॉनच्या रबरावर. डब्यात लहान-मोठ्या मापांचे जोड असतात. बहुतेकजण आधीपासून लावलेलाच वापरतात आणि बाकीचे ड्रॉवरमध्ये जातात. घरी एवढं करून पाहा. ओळखीचं तबल्याचं रेकॉर्डिंग लावा. एका हाताने कानाची पाळी वर-मागे ओढून इअरफोन बसवा आणि डग्ग्याच्या घुमाऱ्याकडे लक्ष द्या. आता बोटाने हलकेच आत दाबा. घुमारा एकदम भरून आला, तर रबर लहान पडतंय; फटीतून खर्ज गळतोय. मोठं माप लावा. दोन्ही कानांना एकच माप बसेल असंही नाही. एवढ्या खटपटीने सातशेचा इअरफोन दोन हजारांच्या, पण ढिला बसणाऱ्या इअरफोनला सहज मागे टाकतो.

डब्यावरच्या आकड्यांत फारसा जीव नसतो. '२० ते २०,००० हर्ट्झ' सगळेच छापतात. '४० तास बॅटरी' म्हणजे बहुधा चार्जिंगची डबी धरून. गोंगाट कापण्याच्या सोयीचं मात्र कौतुक करावं. 'बोस' कंपनीच्या अमर बोस यांना ती कल्पना १९७८ साली विमानात सुचली. बाहेरचा आवाज माइकने ऐकून त्याची उलटी लाट सोडायची. विमानाची, एसीची एकसुरी घरघर त्याने छान कापली जाते. शेजारच्या काकूंचं फोनवरचं बोलणं तितकं नाही. शिवाय रबर नीट बसलं नसेल, तर ही सोयही लंगडी पडते.

आणि इथेच कानांच्या तब्येतीचा प्रश्न येतो. लोकलचा खडखडाट फटीतून आत आला, की अंगठा आपोआप आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात. ९० डेसिबलला फक्त ४.

हजाराच्या आत घ्यायचा असेल, तर माझं मत वायरवाल्याला. त्यात बॅटरीच नाही, त्यामुळे ती म्हातारीही होत नाही. बऱ्याच नव्या फोनना गोल भोक नसतं, तेव्हा टाइप-सीचा मागा. बिनवायरीचाच हवा असेल, तर दुकानदाराला आधी विचारा, की रबराचे सुटे जोड मिळतील का.