गाडी उभी असली तरी ऑइल जुनं होतं



मागच्या महिन्यात घाटात गाडी चालवण्याविषयी मी बोलले होते. त्यानंतर फोन बरेच आले, पण घाटाविषयी कमीच. भुईंजच्या एका ताईंनी विचारलं, "आमची गाडी वर्षभरात साडेतीन हजार किलोमीटरच चालली. सर्व्हिसिंग दहा हजाराला असतं ना? मग अजून दोन वर्षं तरी बघायला नको, बरोबर?"

ताई, बरोबर नाही. हाच हिशेब करून मी बेचाळीस हजार रुपये घालवलेत. ते कसे, तेच आज सांगते.

माझी गाडी छोटी, पेट्रोलवरची, सेकंड हँड घेतलेली. मिस्टर नोकरीला पुण्यात, त्यामुळे वाईत गाडी माझ्याच हातात. घरापासून पतसंस्था दीड किलोमीटर, वाटेत मुलीची शाळा. संध्याकाळी भाजी, कधी सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं. एवढीशी गाडी चालते, तिला काय होणार, असं आमच्या घरात सगळ्यांचंच मत. विमा वेळेवर भरायचे, पीयूसी काढायचे, रविवारी गाडी पुसून लख्ख करायचे. बॉनेट मात्र अडीच वर्षांत उघडलं ते एकदाच, काच धुवायचं पाणी भरायला.

मे महिन्यात आम्ही पाचगणीला नणंदेकडे निघालो. पसरणी घाट निम्मा चढलो आणि समोर लाल दिवा लागला. तेलाच्या चंबूसारखं चित्र असतं ना, तो. गाडी चालत होती, आवाज काही नव्हता, आणि मागे गाड्यांची रांग. म्हटलं, वर पोचू आणि मग बघू. दोन-तीन वळणांनंतर इंजिनमध्ये खडखड सुरू झाली आणि गाडी बंदच पडली. सासूबाई मागच्या सीटवर, ऊन मी म्हणत होतं, आणि जवळ पाण्याची एकच बाटली.

गाडी ओढून वाईला आणली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने मला मुद्दाम बोलावून घेतलं. त्याने इंजिनखालचं ऑइलचं चेंबर उतरवलं होतं. तळाशी काळा, लोण्यासारखा घट्ट गाळ. चेंबरमधून ऑइल वर ओढून घेणारी जी नळी असते, तिच्या तोंडाला जाळी असते. ती जाळी त्या गाळाने बुजून गेली होती. म्हणजे ऑइल होतं, पण वर चढत नव्हतं. चढावर इंजिनावर सगळा जोर आणि आत लोखंडावर लोखंड. बेअरिंग गेली, क्रँकचं काम निघालं. त्याच महिन्यात माझी भिशी लागली होती, मुलीच्या अकरावीच्या क्लासची फी त्यातून भरायची होती. ती सगळी गॅरेजमध्ये गेली. फी मग सोनं गहाण ठेवून भरली.

मी मेकॅनिकला म्हटलं, "अहो, अडीच वर्षांत गाडी आठ हजारसुद्धा झाली नाही." तो म्हणाला, "मॅडम, म्हणूनच झालं."

त्याचं म्हणणं असं. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. त्यातली थोडी वाफ आणि थोडं न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर सलग धावली की ऑइल चांगलं तापतं आणि ही ओल उडून जाते. दीड किलोमीटरमध्ये ऑइल नीट तापतच नाही. ओल आतच राहते, रोज थोडी थोडी साठते. ओल्या बरणीत लोणचं भरल्यासारखंच ते. शिवाय ऑइल नुसतं बुळबुळीतपणा देत नाही. इंजिनातली काजळी धरून ठेवणं, गंज येऊ न देणं, यासाठी त्यात द्रव्यं घातलेली असतात आणि तीही संपत जातात. पुणे-सातारा रोज पळणाऱ्या गाडीपेक्षा शाळा-बाजार करणारी गाडी इंजिनाला जास्त जड जाते. मला हे ऐकून नवल वाटलं होतं, तुम्हालाही वाटेल.

म्हणून किलोमीटर आणि महिने, दोन्ही मोजायचे. हल्लीच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या पुस्तकात १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असं दिलेलं असतं आणि पुढे लिहिलेलं असतं, 'जे आधी होईल ते'. आपण ते शेवटचे चार शब्द वाचत नाही. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल, तर तोच धरा. गाडीबरोबर मिळालेलं ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात पिशवीत पडलेलं असतं, ते काढा. बऱ्याच पुस्तकांत कठीण वापरासाठी वेगळा तक्ताही असतो. सतत कमी अंतर, खूप धूळ, गर्दीत थांबत थांबत चालणं, हे सगळं कठीण वापरात येतं. ऊसतोडीच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवर धूळ किती असते, ते मी सांगायला नको. माझ्या गाडीच्या तक्त्यात पाच हजार किंवा सहा महिने आहे. मी दसऱ्याच्या आठवड्यात एकदा आणि अक्षय्य तृतीयेला एकदा ऑइल बदलते. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतोच, तेव्हा लक्षात राहतं. एका वेळचे बावीसशे रुपये होतात, ऑइल फिल्टर धरून. ऑइल बदललं की फिल्टरही बदलायचाच, तिथे काटकसर नको.

आमचे मामा म्हणतात, गाडी कुठलीही असो, पाच हजाराला ऑइल बदललंच पाहिजे. त्यांच्या पद्मिनीच्या काळात ते खरं होतं. आताची ऑइल पुष्कळ टिकतात. रोज लांब पल्ला चालणाऱ्या बाईने पुस्तक दहा हजार म्हणत असताना पाच हजाराला पैसे घालायचं कारण नाही.

आता गॅरेजमध्ये. "साहेब नाही आले?" हा प्रश्न मला अजून विचारतात. मी म्हणते, साहेबांना गाडीचं बॉनेट कुठून उघडतं ते माहीत नाही, माझ्याशी बोला. ऑइलचा ग्रेड पुस्तकात असतो, ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० असा. तो कागदावर लिहून न्या. डबा समोर फोडायला सांगा, जुना फिल्टर काढलेला दाखवायला सांगा. काय काय करणार ते आधी लिहून घ्या आणि वाचूनच सही करा. इंजिन फ्लशिंग, अमुक क्लीनिंग, तमुक कोटिंग अशी यादी पुढे आली, तर पुस्तकात आहे का एवढंच विचारा. बिलं जपून ठेवा. वॉरंटीत असलेल्या गाडीला तर ती हवीतच, विकतानाही उपयोगी पडतात.

पंधरा दिवसांतून एकदा ऑइल स्वतः बघायचं. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक म्हणजे ऑइल मोजायची पट्टी. तिच्या टोकाला बहुतेक पिवळं किंवा नारिंगी कडं असतं. ती ओढून काढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेच्या खाली असेल, तर त्याच ग्रेडचं थोडं थोडं घाला. वरच्या खुणेच्या वर मात्र जाऊ देऊ नका, जास्त ऑइलही इंजिनाला वाईट. काळं दिसलं म्हणून घाबरू नका, विशेषतः डिझेल गाडीत ते लवकरच काळं होतं. दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं, तर मात्र त्यात पाणी गेलंय. गाडी गॅरेजला दाखवा.

आणि तो लाल दिवा. चावी फिरवल्यावर तो लागतो आणि इंजिन सुरू झालं की लगेच विझतो, हे ठीक. चालत्या गाडीत लागला, तर गाडी कडेला घ्यायची आणि इंजिन लगेच बंद करायचं. पुढचं वळण नाही, पुढचा पंपही नाही. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

स्कूटीवाल्यांनीही विचारलं होतं. स्कूटरमध्ये ऑइल लिटरभरही नसतं, त्यामुळे तिचा आकडा कारपेक्षा कमी असतो. तिच्या पुस्तकात बघा. सीएनजी गाडी असेल, तर टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्यायची असते, ती तारीख वेगळी लिहून ठेवा.

मी माझ्या बॉनेटच्या आत खडूने नाही, चिकटपट्टीवर पेनाने लिहिलंय: ऑइल बदललं ती तारीख आणि किलोमीटर. भुईंजच्या ताई, तुमची तारीख एक वर्षापूर्वीची आहे, या आठवड्यात जाऊन या. पुढच्या वेळी टायरमधल्या हवेविषयी बोलू. नमस्कार.