शालेय सामने आणि खेळाडूंच्या शिष्यवृत्त्या



खाजगी शाळांच्या फाटकांवर विजयी संघाचें छायाचित्र झळकत असतें. मध्यभागीं चषक, भोंवतीं गणवेशांतील मुलें आणि खालीं ठळक अक्षरांत शाळेचें नांव. पालक तें पाहतात आणि प्रवेशाचा अर्ज घेऊन जातात. मात्र एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. हीं मुलें या शाळेनें घडविलीं, कीं दुसरीकडे घडलेलीं मुलें या शाळेनें आणलीं? खेळाच्या बळावर फीमाफी देऊन आणलेले विद्यार्थी शालेय सामन्यांत उतरविणें न्याय्य आहे काय, याचा आज आपण विचार करूं.

हा व्यवहार साधारणतः असा चालतो. लहानशा शाळेंतील एखादा मुलगा सातवी-आठवींत चमकूं लागतो. मोठ्या शाळेचा शिक्षक त्याला मैदानावर हेरतो. फी माफ, बॅट व बूट शाळेचे, सरावाला स्वतंत्र मैदान, असें आमंत्रण घरीं येतें. ज्या घरांत महिन्याअखेरीस वाण्याची उधारी राहते, त्या घराला हें आमंत्रण देवानें धाडल्यासारखें वाटतें, आणि त्यांत वावगें कांहीं नाहीं.

शाळा बदलणें हें पाप नव्हे, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. लॉर्ड हॅरिस हे १८९० ते १८९५ या काळांत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. त्यांच्या नांवाची हॅरिस शील्ड स्पर्धा मुंबईच्या शाळांत शतकाहून अधिक काळ चालत आली आहे. तिच्या इतिहासांतील सर्वांत गाजलेली घटना १९८८ च्या फेब्रुवारींतील. आझाद मैदानावर शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनीं ६६४ धावांची अभंग भागी केली. तेंडुलकर पूर्वीं वांद्र्याच्या शाळेंत होते. रमाकांत आचरेकर यांच्या सल्ल्यावरून ते दादरच्या शारदाश्रमांत आले. त्याच स्पर्धेंत २०१३ सालीं ५४६ धावा काढणारा पृथ्वी शॉ विरारचा राहणारा, आणि त्याची शाळा वांद्र्याची. गुणी मुलानें चांगल्या गुरूच्या व चांगल्या मैदानाच्या शोधांत जावें, ही तर आपली जुनी रीत आहे.

मग तक्रार कोठें आहे? कांहीं जण म्हणतात, गणितांत हुशार मुलाला शिष्यवृत्ति दिली तर कोणी हरकत घेत नाहीं, मग खेळाडूलाच कां? हा युक्तिवाद वरवर पाहतां बिनतोड दिसतो. परंतु दोहोंत एक भेद आहे. गणिताचा विद्यार्थी वर्गांत आला म्हणून दुसऱ्या कोणाला परीक्षेस बसण्यावांचून राहावें लागत नाहीं. संघांत मात्र जागा अकराच. बाहेरून आलेला प्रत्येक खेळाडू, पांचवीपासून त्या शाळेच्या मातींत घाम गाळलेल्या एका मुलाला बांकावर बसवितो. दुसरें असें, कीं ज्या शाळेंतून तो आला तिचा संघ त्याच दिवशीं लंगडा होतो, आणि पुढच्या हंगामांत त्या उरलेल्या मुलांनाच त्याच्याशीं सामना द्यावा लागतो.

अशा विषमतेची परिणति कोठवर जाऊं शकते? १९१६ नव्हे, २०१६ च्या जानेवारींत कल्याण येथें एका आंतरशालेय सामन्यांत प्रणव धनावडे यानें नाबाद १००९ धावा केल्या. त्याच्या संघानें ३ गडी गमावून १४६५ धावांवर डाव घोषित केला. प्रतिपक्षाचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. हा मुलगा कोणी विकत आणलेला होता असें मी म्हणत नाहीं. पराक्रम त्याचा स्वतःचा होता. परंतु दोन्ही बाजूंत एवढें अंतर असलेल्या सामन्यांतून हरणारीं मुलें काय शिकलीं, आणि जिंकणारीं तरी काय शिकलीं?

याच मुलाची पुढील हकीकत आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. रिक्षा चालविणाऱ्या बापाचा हा मुलगा. मुंबई क्रिकेट संघटनेनें त्याला दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ति पांच वर्षांसाठीं जाहीर केली. २०१७ सालीं त्याच्या वडिलांनींच संघटनेला कळविलें, कीं मुलाच्या धावा होत नाहींत, तेव्हां ही रक्कम थांबवावी. त्या गृहस्थांच्या स्वाभिमानापुढें मान लवते. पण मनाला टोंचणीहि लागते. शिष्यवृत्ति म्हणजे धावांची मजुरी, अशी समजूत त्या घरांत कोणी रुजविली? ती आपणच, टाळ्या वाजविणाऱ्यांनीं, रुजविली.

माझ्या नोकरीच्या काळांतील एक गोष्ट सांगतों. आमच्या शाळेंत भाजी विकणाऱ्या बाईंचा एक मुलगा होता, डावखुरा गोलंदाज. नववींत एका नामांकित शाळेनें फीमाफी देऊन त्याला नेलें. आम्हीं आनंदानें निरोप दिला. दहावीच्या आरंभीं त्याचा खांदा दुखावला. दोन महिन्यांत त्याचें नांव संघांतून गेलें, आणि मागोमाग पूर्ण वर्षाच्या फीची मागणी घरीं आली. ती माउली तो कागद घेऊन आमच्या शाळेंत आली. म्हणाली, "गुरुजी, पोराचा खेळ थांबला, तर त्याची शाळाहि थांबवायची का?" आमच्या मुख्याध्यापकांनीं त्याला परत घेतलें, तो उत्तीर्णहि झाला. पण तिच्या त्या प्रश्नाचें उत्तर त्या मोठ्या शाळेनें द्यावयास हवें होतें, आणि तें तिनें कधींच दिलें नाहीं.

हा प्रश्न केवळ आपलाच नाहीं. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यांत स्पर्धेसाठीं शाळांचे गट विद्यार्थिसंख्येवरून पाडतात. तेथें २००५ पासून, ठराविक हद्दीचें बंधन नसलेल्या शाळांची संख्या १.६५ नें गुणून धरण्याचा नियम आला. हेतु हा, कीं वाटेल तेथून विद्यार्थी घेऊं शकणाऱ्या शाळेनें मोठ्यांशींच खेळावें. न्यूझीलंडमध्यें ऑकलंड येथें २०१८ च्या अखेरीस दहा शाळांनीं, तयार खेळाडू बाहेरून आणणाऱ्या एका खाजगी शाळेशीं पुढील हंगामांत रग्बी खेळण्यास नकार दिला.

आपल्याकडे काय करतां येईल? कोणी म्हणतात, शाळा बदलणाऱ्या खेळाडूनें एक वर्ष सामन्यांबाहेर बसावें. मला हें पटत नाहीं. त्यांत शिक्षा मुलाला होते, आणि आमिष दाखविणारी शाळा मोकळी राहते. पंधरा वर्षांच्या मुलाचें एक वर्ष म्हणजे त्याच्या शालेय खेळाचा मोठा हिस्सा. त्यापेक्षां शाळेवरच मर्यादा असावी : सातवीनंतर आलेले खेळाडू अकरांत तिघांहून अधिक नसावेत. म्हणजे खऱ्या गुणवंताला दार उघडें राहील, आणि घरच्या मुलांच्याहि आठ जागा शाबूत राहतील.

याहून महत्त्वाची गोष्ट शिष्यवृत्तीच्या अटींची. ती लेखी असावी, आणि दहावी संपेपर्यंतची असावी. हात मोडला, धावा आटल्या, मुलाचें मन दुसऱ्या विषयांत रमलें, तरी ती तुटतां कामा नये. ती देतांना घरची मिळकतहि पाहावी. मोटारींतून येणाऱ्या खेळाडूची फी माफ करून गरिबाला रांगेंत उभें करणें याला मदत म्हणतां येत नाहीं. आणि खेळाडूला वर्गांतील हजेरीची सवलत द्यावयाची, तर बुडालेले धडे भरून काढण्याची व्यवस्थाहि शाळेनेंच केली पाहिजे. नाहीं तर पांच-सहा वर्षांनीं त्याच्या हातीं ना बॅट राहते, ना पुस्तक.

ज्या शाळेला या अटी जाचक वाटतील, तिला विद्यार्थी नको आहे, केवळ चषक हवा आहे, हें उघड होईल. ज्या शाळेला त्या मान्य होतील, तिच्या शिष्यवृत्तीवर कोणीहि बोट ठेवूं नये.

शेवटीं पालकांना एक विनंति. पुढच्या वेळीं शाळेच्या कचेरींत जाल, तेव्हां गेल्या वर्षीं किती चषक मिळाले हें विचाराच. पण गेल्या वर्षीं दुखापतीनें खेळ सुटलेला विद्यार्थी आज कोणत्या वर्गांत बसतो, हेंहि विचारा. मुख्याध्यापकांना तें सांगतां आलें, तर खुशाल आपलें मूल त्या शाळेंत घाला.