हात हवेत, माणूस नको!



आज मी आपणांस अमेरिकेतील एका लहान गावाची हकीकत सांगणार आहे. गावाचे नाव पोस्टव्हिल. आयोवा राज्याच्या ईशान्येस मक्याच्या शेतांमध्ये ते वसलेले आहे. २००८ च्या सुमारास वस्ती दोन-सव्वादोन हजारांची होती. १९८० नंतर त्या भागातील शेतकरी कर्जात बुडाला, तरुण मंडळी शहराकडे गेली आणि गावे ओस पडू लागली. १९८७ साली पोस्टव्हिलमधील बंद पडलेल्या मांसाच्या कारखान्यात ज्यू धर्मविधीस अनुसरून मांस तयार होऊ लागले. काम कष्टाचे व जोखमीचे, मजुरी बेताची. ते करावयास पुढे मेक्सिको व ग्वाटेमाला या देशांतील गरीब लोक आले.

त्यांच्या येण्याने गावाचे काय झाले? घरांची टंचाई झाली, भाषेची अडचण आली. हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु शाळेत मुले आली, नवी दुकाने निघाली, मरू घातलेले गाव जगले, हेही तितकेच खरे.

१२ मे २००८ रोजी सरकारी अधिकाऱ्यांनी कारखान्यावर धाड घातली व ३८९ जणांस अटक केली. त्यांना नेले कोठे? वॉटर्लू शहरातील गुरांच्या प्रदर्शनाच्या मैदानावर! न्यायालयही तेथेच बसले. बेड्या घातलेल्या मजुरांचे गटच्या गट न्यायाधीशांपुढे उभे करण्यात आले. खोटे क्रमांक वापरल्याचा गुन्हा कबूल करा, नाहीतर दुसऱ्याची ओळख चोरल्याचा अधिक कडक आरोप ठेवू, असा धाक होता. सुमारे तीनशे जणांनी गुन्हा कबूल केला. बहुतेकांस पाच महिने तुरुंगवास मिळाला. पुढे ४ मे २००९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात एकमताने ठरविले की, तो क्रमांक खऱ्या माणसाचा आहे हे आरोपीस ठाऊक असल्याखेरीज तो कडक आरोप सिद्ध होत नाही. तोवर या मजुरांनी शिक्षा भोगून संपविली होती.

इकडे गावात भेदरलेल्या कुटुंबांस कॅथलिक चर्चने आसरा दिला. काही मातांना मुलांसाठी सोडले, पण पायात पाळतीचे यंत्र अडकवून, आणि काम करण्याची मनाई करून! घरे रिकामी झाली, दुकाने बसली, नोव्हेंबर २००८ मध्ये कारखान्याचे दिवाळे निघाले. परक्यांस नेले आणि गावच खचले.

परका मजूर मजुरी पाडतो, अशी तक्रार तेथे नेहमी ऐकू येते. पण तेथील मांसधंद्यातील मजुरी का उतरली? शहरांतील संघटित कामगारांचे कारखाने बंद करून मालकांनी ते खेड्यांत नेले, हे त्याचे एक मोठे कारण. मजुरी पाडते ती मजुराची जन्मभूमी नव्हे, त्याची हक्कहीनता. ज्यास तक्रार करण्याची सोय नाही, त्यास कमी दिले जाते. आणि मग शेजारच्या हक्कदाराचेही मोल उतरते. म्हणून परक्याच्या हक्काचे रक्षण हे गावकऱ्याच्या भाकरीचेही रक्षण होय.

हात हवेत पण माणूस नको, हा व्यवहार आपणांस नव्याने समजावून सांगावयास नको. तेव्हा घरी गेल्यावर प्रत्येकाने स्वतःस एवढेच विचारावे: आपल्या वस्तीत पोटासाठी आलेल्या परमुलखी मजुरास आपण त्याच्या नावाने ओळखतो, की केवळ त्याच्या कामाने?