माळ पडीक नव्हे, कुरण आहे

सोलापूरकडचा माळ दाखवला की पुष्कळजण म्हणतात, "साहेब, पडीक आहे." मला ते पटत नाही. खाली बसून गवत ओळखा. पवन्या, मारवेल, डोंगरी दिसलं तर माळ चांगला. पण जनावरं हीच गोड गवतं आधी ओरबाडतात. बी धरायच्या आतच ती संपली, वर्षानुवर्षं हेच चाललं, की कुसळी माजते. तिची कुसळं मेंढीच्या तोंडात, कातडीत घुसतात, हे तुम्हाला सांगायला नको.

उपाय बिनखर्ची आहे. माळाचे तीन भाग करा. एक भाग पावसाळा लागल्यापासून बी गळेपर्यंत बंद ठेवा, मग कापणी करा. चारा थोडा निबर होईल, पण बी जमिनीत पडेल. पुढल्या साली दुसरा भाग. मेंढपाळांना आधी विचारा. त्यांची वाट अडवून हे जमायचं नाही.

झाडं बांधावर लावा, माळावर नकोत. नान्नजला १९७९ साली माळढोक अभयारण्य झालं. तिथे लावलेली गिरिपुष्पाची दाटी या उघड्या माळाच्या पक्ष्याच्या कामाची नव्हती. नाकतोडे वेचणारा चंडोलही गवतातच घरटं करतो.

मृगाआधी भाग आखून घ्या. दगडाला चुना फासला तरी खूण पुरते.