दाताला धरलं, तरच टिकलं



"दाढेत सिमेंट भरलं, पैसे गेले, आणि काही महिन्यांतच ते निघून आलं." गटाच्या बैठकीत आम्हाला हे नेहमी ऐकू येतं. मग परत दवाखाना नको म्हणून बाई दुखणं अंगावर काढते, आणि वाचली असती ती दाढ शेवटी काढावी लागते. म्हणून आज आपण बोलू या, दातासारख्या रंगाचं सिमेंट दाताला धरतं कसं आणि सुटतं कशानं.

हे सिमेंट मुख्यतः दोन प्रकारचं असतं. पहिलं कंपोझिट. गुळगुळीत भिंतीवर गिलावा धरत नाही, म्हणून गवंडी ती आधी खरबरीत करतो. इथंही तसंच. सौम्य केलेलं फॉस्फरिक आम्ल डॉक्टर दातावर 15 ते 30 सेकंद लावून धुतात. मग चिकटवणारं द्रव लावतात, त्यावर कंपोझिटचे पातळ थर देतात आणि प्रत्येक थर निळ्या उजेडानं कडक करतात. आम्लाची ही युक्ती अमेरिकेतले दंतवैद्य मायकल बुओनोकोर यांनी 1955 साली दाखवली. दाताच्या वरच्या कडक थराला पकड घट्ट बसते. आतला भाग ओलसर, तिथं ती कमी बसते. मधेच थुंकी किंवा रक्त लागलं, तर पकड आणखी कच्ची राहते.

दुसरं ग्लास आयोनोमर. ते दातातल्या कॅल्शियमशी आपणहून जोडलं जातं आणि थोडं थोडं फ्लोराइड सोडतं. साध्या प्रकाराला दिव्याचीही गरज नसते, म्हणून वीज नसलेल्या गावातही ते भरता येतं. पण ते कंपोझिटपेक्षा लवकर झिजतं. चावायच्या दाढेतल्या मोठ्या खड्ड्याला कमी पडतं.

मग आपल्या हातात काय? खड्डा लहान असतानाच जायचं. "घरी स्वयंपाक राहिलाय, लवकर आटपा," असं म्हणायचं नाही; दात कोरडा ठेवायला वेळ लागतो. तोंडात पाणी साचलं, तर तोंड न मिटता हातानं खूण करायची. कोणतं सिमेंट भरलं आणि त्या बाजूनं कधी चावायचं, हे विचारूनच उठायचं. आयोनोमर असेल, तर पहिला दिवस त्या दाढेनं कडक काही चावू नये. रोज दोनदा फ्लोराइडच्या पेस्टनं दात घासायचे, कारण सिमेंटच्या कडेनं पुन्हा कीड लागते.

आणि सिमेंट निघालंच, तर खड्ड्यात मिश्री दाबून दिवस काढू नका. दुखायची वाट न बघता दाखवा. दाढ अजून वाचू शकते.